कसली घंटा, साहेब?

देवाचं नाव घेणंही सरकारनं गुन्हा ठरवलं, तेव्हा पाश्कनं अल्बेनियातल्या आपल्या डोंगरगावच्या चर्चमधली घंटा गुपचूप जमिनीत पुरली. पोलिसांनी त्याला उचललं. ती जागा त्याच्याखेरीज फक्त आईला, प्रेंदाला, ठाऊक होती. ‘म्हातारे, घंटा दाखव आणि आजच पोरगा घरी ने,’ साहेब म्हणाला. तुरुंगाच्या जाळीआड पोराचं दात पाडलेलं तोंड पाहून तिचा धीर सुटला. ‘सांगून टाकते रे. देवाचं घंटेवाचून अडत नाही, माझं तुझ्यावाचून अडतं.’ पाश्क बोळक्या तोंडानं हसला. ‘मग माझ्या लग्नात काय, पातेली बडवणार?’ ‘मेल्या, तुला पोरगी कोण देणार?’ ‘देव देईल गं. हे दिवस जातील, आई. घंटा वाजेल.’ दाराशी साहेबानं विचारलं, ‘आठवलं?’ ‘कसली घंटा, साहेब?’ म्हणत ती बाहेर पडली, आणि वळण येईपर्यंत तिनं हुंदका फुटू दिला नाही.