उजवीकडून वाचायचं पुस्तक

आई नदीत बुडाली त्याला तीन महिने झाले होते. बाबांना एकट्याला घर खायला उठायचं, म्हणून मी लायब्ररीतून दोन कॉमिक्स आणून दिली. शनिवारी दुपारी गेले तर ते ताटं घेत होते.

"तो उडणारा हिरो नाही आवडला," ते म्हणाले. "बाई पाण्यात पडते आणि हा ढगांतून नेमका वेळेवर हजर. थापा मारायच्या म्हणजे किती मारायच्या. जपानी मात्र मनाला लागलं. एक बाई नदीतून वर येते, ओल्या पावलांनी घर गाठते आणि शेवटी नवऱ्याबरोबर जेवायला बसते."

मला हसू आलं. "अहो बाबा, जपानी कॉमिक उजवीकडून वाचतात. तुम्ही शेवटाकडून सुरुवात केलीत. खरं तर ती आधी जेवते, मग घरातून निघते आणि..." पुढचं मी गिळलं.

"माहीत आहे मला," बाबा शांतपणे म्हणाले. "पहिल्यांदा बरोबरच वाचलं होतं. मग रोज एकेक पान मागून पुढे वाचत आलो. आज ती जेवायला बसते ते पान होतं."

त्यांनी तिसरं ताट मांडलं.

मी वळून पाहिलं. उंबरठ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत ओली पावलं उमटत येत होती. एकेक पाऊल आमच्या जवळ येत होतं, पण प्रत्येकाची टाच आमच्याकडे होती आणि बोटं दाराकडे.