दादाच्या दुकानावर जप्ती

टेपचं एक टोक शाळेच्या फाटकाला धरून शिपाई उभा होता. दुसरं टोक तपासनीसाने दुकानाच्या पायरीला टेकवलं. अठ्ठावन्न मीटर. शाळेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे एक्क्याण्णव मीटरच्या आत तंबाखू विकायला कायद्याने बंदी होती.

“मोजतोस काय?” काउंटरमागून दादा म्हणाला. “ह्याच शाळेत शिकलास ना? किती लांब आहे ते ठाऊक नाही तुला?”

दादा म्हणजे तपासनीसाचा सख्खा थोरला भाऊ. आधीच्या दोन नोटिसा दादाने फाडून केरात टाकल्या होत्या. आज तपासनीस स्वतःच जप्तीचा कागद घेऊन आला होता, शाळा सुटायच्या आत उरकावं म्हणून भर दुपारी.

“सिगारेटी आणि तंबाखू तेवढी काढून दे. बाकीचं दुकान खुशाल चालव.”

“तुझ्या ऑफिसला दुसरं कुणी मिळालं नाही?”

“मीच मागून घेतलं. दुसरा आला असता तर पोलीस घेऊन आला असता.”

“वा! म्हणजे उपकारच झाले म्हणायचे आमच्यावर.”

गोळ्या-चॉकलेटांच्या बरण्यांना खेटून सुट्या सिगारेटींचा पेला ठेवला होता, बरोबर शाळकरी पोरांच्या नजरेसमोर. वर सिगारेट कंपनीने फुकट लावून दिलेली दिव्यांची पाटी लखलखत होती. तपासनीसाने आधी पाटीचा प्लग उपटला. मग पेला गोणीत उपडा केला.

पहिली थप्पड तिथेच बसली. चष्मा उडून रस्त्यात पडला. शिपाई धावत आला, तसं तपासनीसाने त्याला हातानेच थांबवलं आणि खिळ्यांवर टांगलेल्या तंबाखूच्या पुड्यांच्या माळा ओढून गोणीत कोंबायला लागला.

दादाने त्याची मान धरली आणि तोंड काउंटरवर आपटलं. एक बरणी फुटली. काच भुवईत घुसली आणि डोळा रक्ताने भरला.

“ह्याच फळीवर झोपून शिकलास! ह्याच दिव्याखाली! आणि मलाच कायदा शिकवतोस?” दर वाक्याला पाठीत एक गुद्दा पडत होता.

तपासनीस वळला आणि त्याने ठोसा मारला. दादाचा ओठ फाटला. उभ्या जन्मात त्याने दादावर हात उगारला नव्हता. मग तपासनीसाने गोणीचं तोंड आवळलं आणि ती फरफटत बाहेर काढायला लागला. तो पायरीवर पोचला, पण गोणी उंबऱ्याला अडकली. उजव्या हाताने तिचा खालचा कोपरा सोडवायला तो वाकला.

दादाने शटर खाली खेचलं.

हाडं मोडल्याचा आवाज शिपायालासुद्धा ऐकू गेला. गोणीमुळे शटर पुरतं टेकलं नव्हतं, म्हणून दादाने आतून खालच्या पट्टीवर पाय दिला आणि सगळं अंग तोलून तो उभा राहिला.

आतल्या खोलीतून वहिनी धावत आली. “अहो, हात सापडलाय त्याचा!”

“सापडू दे.”

वहिनीने दोन्ही हातांनी नवऱ्याला ढकललं. तो बरण्यांवर कोसळला. तिने शटर उचललं, तेव्हा तपासनीस पायरीवर गुडघे टेकून बसला होता. चार बोटं भलत्याच दिशेला वळली होती.

शिपायाने मोबाइल काढला. “पोलिसांना बोलावतो, साहेब.”

“रिक्षा बोलाव. शटर घसरलं.”

“मी काही आंधळा नाही, साहेब.”

“घसरलं म्हणतोय ना! आणि आधी गोणी सील कर. जप्तीचा कागद इकडे आण.”

वहिनीने टॉवेल फाडून त्याचा हात बांधला. बांधताना ती नवऱ्याकडे वळून बघत नव्हती. दादा काचांच्या पसाऱ्यात बसून होता. त्याच्या हनुवटीवरून रक्त ठिबकत होतं.

“कर की सही,” तो आतून म्हणाला. “बघू कुठल्या हाताने करतोस.”

तपासनीसाने पेन डाव्या हातात घेतलं. कागद पायरीवर सरकत होता. पेनचं टोक टेकलं की वळायचा, गोळा व्हायचा. दोनदा असंच झालं. तेव्हा वहिनी त्याच्यासमोर खाली बसली आणि तिने कागद एका तळव्याने पायरीवर दाबून धरला.

“सोड तो!” दादा ओरडला. “ऐकू येतंय का? सोड म्हणतो ना!”

तिने सोडला नाही.

“मला दिसत नाहीये, वहिनी,” तपासनीस म्हणाला. “कुठे करायची?”

वहिनीने त्याचा डावा हात धरला आणि पेनचं टोक नेमकं रेघेवर नेऊन ठेवलं.