रोल नंबर एक

"तुम्हाला पुन्हा प्रवेश देता येणार नाही," खिडकीतला कारकून म्हणाला, "कारण तुम्ही कॉलेज सोडलेलंच नाही."

मावशींनी खिडकीच्या जाळीला कान लावला. आपल्याच ऐकण्यात काही घोटाळा झाला असावा, असं त्यांना वाटलं.

"सोडलं नाही कसं? शेवटच्या वर्षाला असताना बाळंतपणाला म्हणून गेले ती गेलेच. तो पोरगा आता स्वतः बाप झालाय!"

"अभिनंदन. पण सांगून गेला नाहीत ना?"

नव्हत्या गेल्या सांगून. कळा सुरू झाल्यावर कोण अर्ज लिहीत बसतं?

मावशी एका बालवाडीत कामाला होत्या. पोरांची नाकं पुसायची, बुटांच्या नाड्या बांधायच्या, रडणाऱ्याला कडेवर घ्यायचं. पोरं त्यांना मावशी म्हणत, म्हणून सगळेच म्हणत. फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या त्या बाई आणि नाक पुसणाऱ्या त्या मावशी, असा शाळेचा हिशेब होता. या वर्षी मोठ्या बाईंनी शब्द दिला होता, "पदवी पूर्ण करा, लहान गट तुमचा." शेवटचं वर्ष तेवढं राहिलं होतं. मावशींनी सुनेला स्वयंपाकाचं सांगितलं, ठेवणीतली साडी नेसली आणि सकाळीच येऊन रांगेत उभ्या राहिल्या.

"बरं, मग आता सोडते," त्या म्हणाल्या. "माझं नाव काढा आणि नव्याने घाला."

"नाव काढायचं तर सलग गैरहजेरी लागते." कारकुनाने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे बघा, रोल नंबर एक. तुमची तर हजेरी जवळजवळ पूर्ण आहे. फक्त परीक्षेला बसत नाही तुम्ही, म्हणून दरवर्षी त्याच वर्गात राहता. अहो, गेल्या आठवड्यातसुद्धा रोज आला होतात."

"गेल्या आठवड्यात मी तापाने फणफणले होते!"

"तरीही आलात," कारकून म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरचा आदर होता.

मावशी मुख्य लिपिकाकडे गेल्या. त्याने उपप्राचार्यांकडे पाठवलं. उपप्राचार्यांनी पडद्यावर नजर टाकली, उठून उभे राहिले, हात जोडले आणि अशा विद्यार्थिनी आता दुर्मीळ झाल्या आहेत म्हणाले. मग त्यांनी मावशींना पुन्हा पहिल्या खिडकीकडे पाठवलं. सकाळची आखूड रांग आता जिन्यापर्यंत गेली होती. मावशी शेपटाला जाऊन उभ्या राहिल्या आणि कपाळाला हात लावला.

"बालवाडीतली पोरं बरी," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "निदान रडून मोकळी होतात."

पुढे उभ्या असलेल्या मुलीने वळून विचारलं, "काय झालं, मावशी?" मावशींनी सगळी कर्मकथा सांगितली. ऐकता ऐकता मुलीचे डोळे मोठे झाले.

"शेवटचं वर्ष? रोल नंबर एक? अय्या, त्या तुम्ही?" तिने तोंडावर हात ठेवला. "मावशी, तुमच्या नावाची हजेरी आम्ही लावतो! वर्गाची परंपराच आहे ती. सर मान वर करत नाहीत, म्हणून कुणीतरी मागून 'हजर' म्हणतं. माझा मामा या वर्गात होता, तोसुद्धा तुमची हजेरी लावायचा. मामी तर त्याला त्यावरूनच भेटली."

मावशींना आधी राग आला. मग हसू आलं. मग एकदम काहीतरी लख्ख दिसलं. त्या रांग सोडून खिडकीशी धावल्या. मागचे ओरडले, तिकडे लक्षच दिलं नाही.

"अहो भाऊ! मी जर अजून विद्यार्थिनीच आहे, तर मला प्रवेश हवा कशाला?"

कारकुनाने नियमांचं पुस्तक पुढून मागून चाळलं. असा प्रश्न त्या खिडकीवर आजवर कुणी आणला नव्हता.

"नकोच," तो शेवटी म्हणाला. "वर्गात बसा, परीक्षा द्या. वरच्या मजल्यावर तास सुरू होतोय."

मावशी जिने चढून गेल्या. गुडघे कुरकुरत होते, पण ऐकतंय कोण! त्या पहिल्या बाकावर, खिडकीशेजारी बसल्या. पोरं कुजबुजली. सर आले. मावशींच्या वेळचेच. केस पिकलेले, चष्मा जाड झालेला, मान तशीच खाली. 'हजर' हा एक शब्द उच्चारायला मावशींना अर्धं आयुष्य लागलं होतं.

"रोल नंबर एक," सर म्हणाले.

"हजर, सर!"

सरांचं पेन थांबलं. त्यांनी मान वर केली. वर्गातल्या कुणीही सरांचे डोळे आजवर पाहिले नव्हते. ते घारे निघाले.

"कोण बोललं ते?"

मावशी उभ्या राहिल्या. "मी, सर."

"लाज नाही वाटत या वयात? दुसऱ्याच्या नावाने हजेरी लावता? रोल नंबर एकला मी वर्षानुवर्षं ओळखतो. तिचा आवाज माझ्या कानात बसलाय. चला, बाहेर व्हा!"

मावशींनी तोंड उघडलं, पण सरांचं बोट दाराकडे होतं. बोट दाखवल्यावर वर्गाबाहेर जायचं, हे त्या रोजच पोरांना शिकवत होत्या. त्या मुकाट्याने बाहेर गेल्या आणि दाराआड कान देऊन उभ्या राहिल्या.

आत सरांनी चष्मा पुसला, मान खाली घातली आणि पुन्हा पुकारलं, "रोल नंबर एक."

"हजर, सर!" मागच्या बाकावरून एका मुलाने घसा बारीक करून आवाज दिला.

"शाब्बास, बेटा," सर म्हणाले. "शिका रे हिच्याकडून. इतकी वर्षं झाली, एक दिवस वर्ग चुकवत नाही."