भाव कोणी बदलला

कुस्त्यांवर पैजा घेणाऱ्या उखर्डूने पाटीवरचा आकडा पुन्हा पुसला, तेव्हा शेंगा मापणारा झुंबरबाईचा हात थांबला.

सोनगीरच्या जत्रेतली शेवटची कुस्ती तिच्या मुलाची होती. अभिमनची. समोर रावेरचा जीवराम. सकाळी अभिमनवर दहा रुपये लावणाऱ्याला तो जिंकल्यावर वरचे तीनच मिळणार होते, कारण तोच जिंकणार हे सगळे धरून चालले होते. आता पाटीवर तिनाच्या जागी पंचवीस होते.

"उखर्डूभाऊ, हाई काय शे?"

"मी काय करू, अक्का? दोन-तीन जणस्नी एकदमच जीवरामवर मोठी रक्कम लाई. भाव बदलनाच पडस."

गावकरी दोन-पाच रुपये लावत. तेवढ्याने आकडा फार तर एक-दोनाने हलायचा. आखाड्यात तर अजून कोणी उतरलंही नव्हतं. म्हणजे डोळ्यांना दिसलं नाही असं काहीतरी कोणाला तरी पक्कं कळलं होतं.

टोपली शेजारणीकडे देऊन ती कनातीमागे गेली. अभिमन लंगोट कसत होता.

"तुना गुडघाबद्दल कोणले म्हाईत शे?"

"तुले आनि वस्तादले. बस."

तिने कनात जरा बाजूला सारली. बाहेर लोटन वस्ताद हलगीवाल्याशी हसत उभा होता. अभिमनने एकदा तिकडे पाहिलं.

"कुस्ती सोडी दे," ती म्हणाली. "गुडघा गया ते परत येवाव नई."

"काबर सोडू?" त्याने गाठ घट्ट ओढली. "जीवराम कोठे हात घाली, हाई माले आते समजनं."

हलगी कडाडली. जीवराम आधी मानेशी खेळला, मनगटाशी खेळला. अभिमनने दुखरा उजवा पाय जरा पुढेच ठेवला होता. झुंबरबाईने पदर दातांत धरला.

जीवरामने सूर मारला तो सरळ त्या गुडघ्यावर. पाय तिथे नव्हता. तो तोंडावर मातीत आला, आणि तो उठायच्या आत अभिमन त्याच्या पाठीवर होता. कमरेला मिठी, एक हिसका, आणि जीवरामचे दोन्ही खांदे मातीला टेकले.

लोक आखाड्यात घुसले. कोणी फेटा उडवला, कोणी गुलाल. लोटन वस्तादही गर्दीतून पुढे आला. "वा रे पठ्ठ्या!" तो मोठ्याने म्हणाला, पण अभिमनच्या डोळ्याला डोळा देईना.

अभिमनने नेहमीसारखे त्याचे पाय धरले.

वस्तादचा हात वर उचलला गेला आणि तिथेच राहिला. अभिमन वाकून थांबला होता. त्याच्या डोक्यावर काही तो हात टेकेना.