काळ्या पट्ट्या

"वैभवी, ह्या गाड्या अशा म्हशीवानी काहून पसरल्या वं?" पवननं विचारलं. कॉलेजात असताना पवन जो जीव ओतून खेळायचा, तो गाड्यांच्या रेसचा गेम धाकट्या बहिणीनं हौसेनं शोधून आपल्या लॅपटॉपवर टाकला होता.

"गेम जुन्या चौकोनी स्क्रीनचा हाय, दादा. लॅपटॉप रुंद हाय, म्हणून चित्र ताणून राह्यलं." तिनं सेटिंगमध्ये जाऊन ते ताणणं बंद केलं. गाड्या पुन्हा गाड्यांसारख्या झाल्या. चित्राच्या दोन्ही बाजूंना मात्र काळ्या पट्ट्या राहिल्या.

"आता कसं! हे झालं बेस," पवन स्क्रीनला नाक लावत म्हणाला.

"पण ह्या काळ्या पट्ट्या अशाच राह्यतीन. त्याले इलाज नाही."

"कोणत्या पट्ट्या? पुरी भरली ना स्क्रीन."

दादा चेष्टा करतोय असं वाटून वैभवी हसली. तिनं डाव्या पट्टीवर बोट ठेवून हलवलं. पवन समोरच बघत राहिला. "दाखव ना मंग," तो म्हणाला.

तिचं हसू विरलं. सकाळी दाराच्या चौकटीला त्याचा खांदा धडकला होता, तेव्हाही ती अशीच हसली होती.

इतक्यात बाहेरून हाक आली, "पवनभाऊ, तुमची काळीपिवळी जीप भरली! रिसोडच्या सवाऱ्या खोळंबल्या, चाला!"

पवन घाईनं उठला आणि किल्लीच्या खिळ्यावर हात फिरवू लागला.

किल्ली वैभवीच्या मुठीत होती.