तीन घरं नाकारलेली मुलगी

"हिची आई वारली. दक्षिणेत कामाला गेली होती, तिकडेच गेली बिचारी," असं म्हणून प्रकल्प चालवणाऱ्या म्हाताऱ्या नाफिरीने मुलीच्या पाठीवर थाप मारली. "जा गं ताकोंद्वा, या बाईंना सगळं फिरवून दाखव."

या बाई म्हणजे एनेलेसी. ताकोंद्वाची आई तीच होती.

पाच वर्षांनी ती जोहान्सबर्गहून मलावीत परतली होती. गावी आली तर घर पडलेलं. जिच्याकडे पोरीला ठेवलं होतं, ती म्हातारी आईही केव्हाच गेलेली. पोरीला सरोवराकाठच्या अनाथ मुलांच्या प्रकल्पात नेलंय असं कुणीतरी सांगितलं, म्हणून विचारत विचारत ती इथवर पोचली होती. प्रकल्प बघायला परगावच्या बायका नेहमीच यायच्या. नाफिरीला वाटलं, ही त्यांतलीच एक.

मुलगी पुढे चालू लागली. मी सोडून गेले तेव्हा सात वर्षांची होती, आता खांद्याला लागतेय. एनेलेसी तिच्या मागे निघाली. मी मेले, हे हिला कुणी सांगितलं? आणि हिने मला ओळखलं कसं नाही?

"हे माशांचं तळं, मावशी. कोंबड्यांची घाण तळ्यात जाते, तळ्याचं पाणी मक्याला. तिकडे सोयाबीन आहे. ते दळून लहानांना लापशी करतात. मीठ सोडलं तर आम्ही बाहेरून काही आणत नाही." मुलगी पाठ केल्यासारखं बोलत होती. तोंड तळ्याकडे होतं.

"आणि मुलं राहतात कुठे?"

"गावात, घरोघरी. ज्या बाईला कुणी नाही, तिला नाफिरी आजी एक मूल देते. सोबत दोन शेळ्या. मका सगळ्यांच्या शेतातला."

"मग तुझं घर कुठलं?"

"मला घर नाही. मी नाफिरी आजीच्या ओसरीवर झोपते."

उखळात मका कांडणारी एक बाई हसली. "नाही कसं? तीन बायकांनी मागितलं हिला! राणीसाहेबांना एक पसंत पडेल तर ना! एक म्हणे घोरते, दुसरी मक्याच्या पिठाचा न्सिमा पातळ शिजवते. तिसरीत काय खोट होती, ते अजून सांगितलेलं नाही."

ताकोंद्वा हसली नाही. ती शेळ्यांच्या गोठ्याकडे वळली. तिथे दुसरं कुणी नव्हतं.

एनेलेसीला राहवलं नाही. "तुझी आई गेली, हे कळलं कसं तुला?"

मुलगी एका पिल्लाचा कान कुरवाळत उभी राहिली. "कळलं नाही. मीच सांगितलं सगळ्यांना. माझी आजी वारल्यावर मला कुणी नव्हतं. आणि आई असलेल्यांना इथे घेत नाहीत."

शेवटची दोन वर्षं एनेलेसीने साधा निरोप धाडला नव्हता. आधी तिकडे तुरुंगात होती म्हणून जमलं नाही, नंतर कळवायला तोंडच राहिलं नाही. आता खरं बोलावं तर पोर सगळ्यांसमोर खोटी ठरणार, इथून जाणार. आणि जाणार कुठे? पडक्या घरात? गप्प बसावं तर मग आपण आलो तरी कशाला? पोरीचं इथे बरं चाललंय, एवढंच तिने मनाशी धरलं.

"येते मी. छान आहे हो तुमचं सगळं," ती म्हणाली आणि फाटकाकडे वळली.

तिच्या कमरेच्या कापडाला हिसका बसला. ताकोंद्वाने ते मुठीत घट्ट धरलं होतं. एनेलेसी आल्यापासून पहिल्यांदाच मुलगी तिच्या डोळ्यांत बघत होती.

"जाऊ नकोस, आई," ती कुजबुजली. "नाफिरी आजीला सांग, तुला कुणीच नाही. आणि मग मला माग."