लिंकची शेपटी

"अर्ज तुम्हीच मागे घेतलाय, सिस्टर," असं म्हणत पासवर्डवाल्यांनी स्क्रीन नर्सकडे वळवली.

हॉस्पिटलात त्यांना याच नावाने ओळखत. खरं तर कर्मचाऱ्यांची अख्खी साइट त्यांनी एकट्याने बांधली होती. पण लोकांना त्यांची आठवण यायची ती पासवर्ड विसरल्यावरच.

स्क्रीनवर सगळं सरळ दिसत होतं. वर्षभराच्या प्रशिक्षणाला परगावी जाण्यासाठी सिस्टरने काल दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी अर्ज भरला. एक एकवीसला तो तिच्याच खात्यातून मागे घेतला गेला. कारणाच्या चौकटीत लिहिलं होतं, 'मला इथेच राहायचं आहे.'

"हे मी लिहिलेलं नाही. तेव्हा मी ऑपरेशन थिएटरमध्ये होते. हातात मोजे होते माझ्या."

पासवर्डवाल्यांना ते पटलं नाही. आधी आपणच माघार घ्यायची, मग पस्तावायचं आणि सकाळी येऊन साइटच्या नावाने खडे फोडायचे, असले नमुने त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

सिस्टरलाही त्यांचा भरवसा वाटत नव्हता. "जागा एकच आहे," ती म्हणाली. "माझ्यामागे नंबर मुलांच्या वॉर्डातल्या बाईंचा. त्यांचं तुमच्याकडे बरंच येणंजाणं असतं म्हणे."

"त्या पासवर्ड विसरतात म्हणून येतात."

"दर आठवड्याला?"

आता मात्र त्यांचं डोकं फिरलं. ही बाई साप साप म्हणून भुई धोपटणार आणि त्यात आपलं नाव जाणार. तिचं तोंड एकदाचं बंद व्हावं म्हणून त्यांनी साइटच्या आतल्या नोंदी उघडल्या. कालच्या, एक ते दीडच्या.

आणि शंकेची पाल चुकचुकली. लॉगिन एकदाच झालं होतं, पण फोन दोन होते.

"पासवर्ड कुणाला सांगितलात?"

"कुणालाही नाही."

"आणि लिंक?"

"ती पाठवली एकाला. नुसता अर्ज बघायला." तिने फोनवर तो मेसेज उघडून पुढे धरला.

लिंक पाहिली आणि चूक कुणाची ते त्यांना कळलं. साइटचं नाव, प्रश्नचिन्ह, आणि मागे ही भली लांब आकड्या-अक्षरांची शेपटी. लॉगिन केलं की प्रत्येकाला असा एक क्रमांक मिळायचा. तो जवळ असला की साइट पुन्हा पासवर्ड विचारत नसे. खरं तर तो ब्राउझरच्या पोटात झाकून ठेवायची वस्तू. पण वॉर्डातल्या जुन्या मशीनवर ते काही केल्या जमेना, म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी तो सरळ पत्त्यालाच बांधून टाकला होता. पुढच्या आठवड्यात नीट करू, असं तेव्हा म्हटलं होतं, आणि पुढचा आठवडा काही उजाडला नाही. ज्याच्या हाती लिंक, त्याला सिस्टरचं खातं सताड उघडं.

"काय निघालं हो?" पार्टिशनपलीकडून मोठ्या साहेबांनी विचारलं. "आपल्याकडची चूक नाही ना?"

"बघतोय, साहेब."

मागे घेतलेला अर्ज पुन्हा भरता येत नसे. साइट चुकली असं लेखी मिळालं तरच साहेब तो उघडून देणार, तेही आज पाचच्या आत. चार वाजून गेले होते. पासवर्डवाल्यांचं स्वतःचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपत होतं. लिंक कुणाला पाठवू नये, असं नियमांत बारीक अक्षरात कुठेतरी लिहिलेलंही होतं. तेवढं एक बोट दाखवलं असतं की झालं.

सिस्टर आल्यापासून उभीच होती. बसा म्हणायचंही आपल्याला सुचलं नाही, याची त्यांना लाज वाटली.

त्यांनी तीन ओळी टाइप केल्या. साइटमधल्या दोषामुळे अर्ज दुसऱ्याच व्यक्तीने मागे घेतला, दोष माझा आहे, खाली सही. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! साहेबांनी कागद दोनदा वाचला. "काय लिहिलंय ते कळतंय ना तुम्हाला?" एवढं विचारलं, आणि सही केली.

पासवर्डवाले परत आले, अर्ज उघडला, खुर्ची पुढे सरकवली. "पाठवा आता पुन्हा. पण लिंक त्या बाईंपर्यंत पोचली कशी, ते शोधायला हवं."

"बाईंना नाही पाठवली," सिस्टर म्हणाली. "नवऱ्याला पाठवली होती."

लिंकखाली त्याचं उत्तर होतं, एक चौदाचं. 'छान. बिनधास्त जा. मी आहे ना.'

"चुकून दाबलं गेलं असेल," ते घाईने म्हणाले.

"होतं असं चुकून?"

ते बटण त्यांनीच बसवलेलं. दाबलं की 'खरंच मागे घ्यायचा?' असं विचारायचं, पुन्हा दाबलं की कारण मागायचं, आणि कारण लिहिल्याशिवाय हलायचं नाही. कुणाच्या हातून चुकून काही होऊ नये म्हणून तर एवढा खटाटोप.

"नाही," ते म्हणाले.

सिस्टर खुर्चीत बसली. तो मेसेज तिने पुन्हा एकदा वाचला. मग तिने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि माउस हातात घेतला.

"मला नुसतं विचारलं असतं," ती म्हणाली, "तर मीच घेतला असता मागे."

आणि तिने अर्ज पाठवला.